तलंगांना रात्री खुराड्यात निजण्याची सवय कशी लावावी

इंदूरच्या वेशीवर, म्हणजे राऊ, बिचोली किंवा खंडवा रस्त्याच्या बाजूला, घराभोवती थोडे आवार राखून दहा-पंधरा कोंबड्या पाळणारी जी मराठी घरे आहेत, त्यांना पिल्ले लहान असेपर्यंत फारसा त्रास होत नाही. पिल्ले खोक्यात किंवा ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीत, असतात, रात्री वर जाळी टाकली की काम संपते. अडचण सुरू होते ती पिसे पूर्ण भरल्यावर, पक्षी दिवसभर अंगणात हिंडू लागल्यावर. दिवेलागणीला खुराड्याचे दार उघडे असते, आत दाणा असतो, आणि तरीही तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) व नवे कोंबडे दाराशी घुटमळतात, मोटारीखाली शिरतात किंवा शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसतात. मग घरातील माणसे काठ्या घेऊन त्यांच्यामागे धावतात. पुढे जी पद्धत सांगितली आहे तिच्यात हे धावणे पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण ज्या वेळी पक्ष्याने निवांत होऊन जागा निवडायची त्याच वेळी त्याला खुराड्याच्या दिशेने हाकलले, तर ती जागा त्याच्या लेखी भीतीचीच होऊन बसते.

पक्षी आत का जात नाही

आपली कोंबडी रानकोंबडीची वंशज आहे, आणि रानकोंबडी रात्री झाडावर बसते. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते; पूर्ण काळोख झाला की ती असेल तेथे थिजल्यासारखी बसून राहते आणि मांजर अगदी जवळ आले तरी बहुधा हलत नाही. म्हणून सूर्य मावळण्याच्या आगेमागे जी अर्धा-पाऊण तासाची संधी मिळते, तेवढ्यात ती तीन गोष्टी शोधते: जमिनीपासून उंच जागा, डोळ्यांना स्पष्ट दिसणारी जागा आणि ओळखीची जागा. खुराडे बाहेरच्यापेक्षा अंधारे असेल, आत चढून बसण्याजोगे काही नसेल आणि पक्ष्याने ते दिवसा कधी पाहिलेले नसेल, तर तिन्ही कसोट्यांवर शेवग्याचे झाड जिंकते. पक्षी हट्टी नसतो. त्याने उपलब्ध जागांतली चांगली जागा निवडलेली असते.

आईबरोबर वाढलेली पिल्ले हे सारे तिच्यामागे जाऊन शिकतात. हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना शिकवणारे कोणी नसते. आपल्याकडे हा प्रश्न अधिक जाणवतो, कारण जवळच्या झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथ ही कोंबडीची जात, जिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती इकडे हौसेने पाळली जाते. कडकनाथ मादी खुडूक बसण्यात कच्ची, त्यामुळे तिची अंडी बहुधा यंत्रात किंवा दुसऱ्या देशी कोंबडीखाली उबवावी लागतात. शिवाय हा पक्षी अंगाने हलका आणि उडण्यात तरबेज असल्यामुळे, ब्रॉयलरच्या पिल्लाला जी फांदी स्वप्नातही गाठता येणार नाही ती तो दोन झेपांत गाठतो.

तयारी ब्रूडरमध्येच सुरू करावी

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करत न्यायची असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच काळात दांड्यावर बसण्याची सवयही लावता येते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ब्रूडरमध्ये जमिनीपासून वीतभरापेक्षाही कमी उंचीवर एक बारीक गोल काठी आडवी बसवावी. पिल्ले आधी तिच्यावरून उड्या मारतात, मग दिवसा बसतात आणि हळूहळू रात्रीही बसू लागतात. असा सराव झालेल्या पिल्लांना पुढे दांडा म्हणजे काय हे नव्याने समजावावे लागत नाही.

ब्रूडरमधून खुराड्यात हलवण्याचे वय ६ ते ८ आठवडे धरावे. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते, म्हणून त्या दिवसांत घाई करू नये. अंगावरची, विशेषतः मानेची व छातीची पिसे पूर्ण आली आहेत की नाहीत हे हाताने चाचपून पाहावे आणि थंडीच्या लाटेत आणखी आठवडा-दोन आठवडे ऊब सुरू ठेवावी.

खुराडे कसे असावे

रात्रीपुरते खुराडे असेल तर पक्ष्यामागे २ चौरस फूट जागा चालते. दिवसाही बराच वेळ आत ठेवावे लागणार असेल तर ४ चौरस फूट धरावी. दार आणि जाळीची बाजू शक्यतो पूर्वेला ठेवावी. आपल्याकडे पाऊस मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे ती बाजू भिंतीची किंवा फळ्यांची असलेली बरी. सकाळचे ऊन आत आले की खाली पसरलेली भुशाची गादीही वाळते.

जाळीत काटकसर करू नये. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना अडवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला अडवत नाही. ती वर्षभरात गंजते आणि दातांनी तुटते. सियागंजातील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डमेश मिळते, ती घ्यावी. जमीन मातीची असेल तर ही जाळी चहूबाजूंनी फूटभर खोल गाडावी, कारण घूस आणि मुंगूस जमीन उकरून आत येतात. दाराला नुसती फिरती खुंटी पुरत नाही. कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायला खिळा किंवा कुलूप असावे.

हवा खेळण्यासाठीची जागा वर, छपराच्या लगत ठेवावी, म्हणजे दांड्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावर थेट झोत येत नाही आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया वरून निघून जातो. हवा कोंदली आहे की नाही हे उभ्याने कळत नाही. पहाटे दार उघडल्या उघडल्या वाकून, पक्ष्यांच्या डोक्याच्या पातळीला नाक नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर पक्षी तेथे रात्रभर बसायला नाखूश का आहेत याचे उत्तर मिळते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच जाड पसरावा आणि ओला झालेला भाग लगेच काढावा.

दांडा हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. मोठ्या पक्ष्यासाठी दांड्याची रुंदी ४ ते ५ सेंटिमीटर असावी आणि कडा रंधून गोल केलेल्या असाव्यात. धारदार कडेच्या पट्टीवर किंवा खूप बारीक गजावर पक्षी नीट बसत नाहीत, आणि बसले तरी तळपायाला इजा होऊन सूज येते. प्रत्येक पक्ष्याला २० सेंटिमीटर लांबी मोजावी, म्हणजे दहा पक्ष्यांना सुमारे ७ फूट दांडा लागतो; थंडीत ते चिकटून बसतात आणि बरीच जागा मोकळी राहते, पण उन्हाळ्यात पंख फुलवून बसतात तेव्हा हीच जागा पुरी पडते. भिंतीपासून फूटभर अंतर सोडावे, नाहीतर शेपटी घासते. सुरुवातीला दांडा जमिनीपासून फूटभरच उंच ठेवावा आणि पक्षी सरावले की दोन ते तीन फुटांवर न्यावा. दोन दांडे लावायचे असल्यास ते मागेपुढे लावावेत. एकाच्या डोक्यावर दुसरा आला तर खालचे पक्षी वरच्यांच्या विष्ठेत न्हातात. सर्व दांडे एकाच उंचीवर ठेवले तर वरच्या जागेसाठीची भांडणे कमी होतात, हेही लक्षात ठेवावे. बांबू वापरायला हरकत नाही, मात्र त्याची पोकळ टोके सिमेंटने किंवा लाकडी गुडदीने बंद करावीत. कारण पुढे येईलच.

दांड्यापेक्षा उंच अशी कोणतीही जागा आत ठेवू नये. अंड्यांची पेटी, खाद्याचा डबा, आडवी तुळई यांपैकी जे सर्वांत उंच असेल तेथेच पक्षी चढतील.

बंदिवासाचा आठवडा

पक्षी खुराड्यात आणल्यावर त्यांना ५ ते ७ दिवस बाहेर सोडू नये. खाणे, पिणे, लोळणे, निजणे सर्व आत. यामुळे "दाणा-पाणी आणि रात्र म्हणजे ही जागा" अशी त्यांची खूणगाठ पक्की बसते. खुराड्याला जोडून वरून बंद केलेले जाळीचे अंगण असेल तर दिवसा तेथे सोडता येते आणि संध्याकाळी आत घ्यायचे अंतर दोन पावलांचेच राहते. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही सोय अवश्य करावी.

एप्रिल ते जून या काळात मात्र नुसता पत्र्याचा खुराडा दिवसभर बंद ठेवणे जीवघेणे ठरते. तेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक उष्णता असते. पक्षी चोच उघडून धापा टाकू लागले, पंख अंगापासून दूर धरू लागले, तर सवय वगैरे बाजूला ठेवून त्यांना सावलीत घ्यावे. छपरावर ओले बारदान टाकणे, दिवसातून दोन-तीनदा गार पाणी बदलणे आणि दुपारी जाळीच्या अंगणात सावली करणे एवढे जमत असेल तरच उन्हाळ्यात हा आठवडा पाळावा. नाहीतर पहिला पाऊस पडून हवा गार होण्याची वाट पाहावी.

या आठवड्यात रोज मावळतीला एक ठरावीक आवाज करून मूठभर दाणा टाकावा. डबा वाजवणे, "ये ये ये" अशी हाक, काहीही चालेल, फक्त आवाज आणि माणूस बदलू नये. छावणीच्या बाजारातून आणलेली ज्वारी किंवा मक्याची कणी यासाठी उत्तम. रोजचे खाद्य भुकटीसारखे असते. असे दाणेदार धान्य पक्ष्यांना अप्रूप वाटते, म्हणून ते दिवसा कधीच देऊ नये, संध्याकाळसाठीच राखावे.

पहिल्यांदा बाहेर सोडताना

पहिल्या दिवशी सकाळी सोडू नये. सूर्यास्तापूर्वी तासभर आधी दार उघडावे, स्वतः तेथेच थांबावे आणि पक्ष्यांना त्यांच्या गतीने बाहेर येऊ द्यावे. तेवढ्या वेळात ते लांब जात नाहीत, उजेड उतरू लागला की बावरतात आणि ओळखीच्या जागेकडे वळतात. ठरलेला आवाज करून दाणा दारात नव्हे, आत दांड्याखाली टाकावा. पुढील तीन-चार दिवस असेच करून मग सोडण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणावी: आधी दुपारी चार, मग दोन, मग सकाळ. ज्या दिवशी गोंधळ होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जावे.

घड्याळावर भिस्त ठेवू नये. इंदूरमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीस पावणेसहाच्या आतच. कार्यालयातून साडेसहाला परतणाऱ्या गृहस्थांना उन्हाळ्यात पक्षी अंगणात चरताना दिसतात आणि हिवाळ्यात तीच वेळ मिट्ट काळोखाची असते. पावसाळ्यात दाट ढग असले तर पक्षी अर्धा तास आधीच जागा धरतात. त्यामुळे घरी कोणीतरी दिवस मावळताना हजर असेल अशाच महिन्यात हे शिक्षण सुरू करावे.

आतला उजेड ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक युक्ती आहे. बाहेर संधिप्रकाश असताना खुराड्याचे दार पक्ष्याला काळ्या भोकासारखे दिसते आणि त्यात तो शिरत नाही. दांड्याच्या वरच्या बाजूला एक झिरोचा बल्ब लावावा आणि तो सूर्यास्तापूर्वी वीस मिनिटे सुरू करावा. उजेड दांड्यावर पडावा, दाराकडे तोंड करून डोळ्यांवर येऊ नये. सगळे पक्षी दांड्यावर स्थिर झाल्यानंतरच दिवा मालवावा. ते अजून खाली फिरत असताना दिवा गेला तर त्यांना दांडा दिसत नाही आणि ते कोपऱ्यात गोळा होतात. आणि दिवा रात्रभर मुळीच ठेवू नये: पक्ष्यांची झोपमोड होते, शिवाय वाढत्या वयात दिवसाची लांबी कृत्रिमपणे वाढवली तर तलंगा शरीर पुरते भरण्याआधीच अंड्यावर येतात.

दोन-तीन आठवड्यांत सवय पक्की झाली की दिव्याची गरज राहत नाही.

जे बाहेरच राहतात त्यांचे काय करावे

काही पक्षी तरीही बाहेर राहतील, हे गृहीत धरावे. त्यांच्यामागे उजेडात लागू नये. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, पुरता काळोख झाल्यावर, मंद किंवा तांबड्या कागदाने झाकलेली विजेरी घेऊन जावे. त्या वेळी पक्षी पळत नाही. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून त्याला उचलावे, खुराड्यात नेऊन त्याचे पाय दांड्यावर टेकवावेत आणि बोटांनी दांडा पकडेपर्यंत धरून ठेवावे. जमिनीवर सोडून देऊ नये. सवय दांड्याची लावायची आहे, नुसती आत असण्याची नाही. हे रोज करावे लागते. एक रात्र कंटाळा करून पक्ष्याला मोटारीखाली राहू दिले, तर त्या रात्री त्याला ती जागा सुरक्षित वाटते आणि पुढच्या संध्याकाळी तो थेट तिकडेच जातो. साधारणपणे आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक पक्षी आपणहून आत जाऊ लागतात. एक-दोन मागे राहतातच, त्यांचा राग धरू नये.

रात्री पक्षी हाती येतात याचा आणखी एक उपयोग होतो. वजन, पायांची स्थिती, पंखांखालची कातडी हे सारे तेव्हा शांतपणे पाहता येते आणि मानमोडी, देवी या रोगांच्या लसी द्यायच्या असतील तर दुसऱ्या सकाळी दार उघडण्याआधी सगळे पक्षी एकाच ठिकाणी मिळतात.

झाडावर चढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. शिडी लावून काळोखात फांदीवर चढणे धोक्याचे आहे, ते करू नये. खालच्या फांद्या छाटाव्यात, ज्या कुंपणावरून किंवा पाण्याच्या टाकीवरून पक्षी झाडावर झेप घेतात ती पायरी हटवावी, आणि सकाळी तो उतरला की त्याला पुन्हा पाच-सात दिवस खुराड्यात बंद ठेवावे. एवढ्यानेही भागले नाही तर एका पंखाची उडण्याची लांब पिसे कापावीत. एकाच पंखाची कापायची, म्हणजे पक्ष्याचा तोल जातो आणि उंच उडता येत नाही. मधल्या नळीत रक्त असलेली, नुकती उगवत असलेली गडद मुळाची पिसे कापू नयेत. कापलेली पिसे पुढच्या पीसगळतीनंतर पुन्हा येतात, आणि तोवर सवय लागलेली असते. पंख कापलेल्या पक्ष्याला कुत्र्यापासून उडून सुटता येत नाही, म्हणून आवार बंदिस्त असेल तरच हा उपाय करावा.

झाडावर निजल्याने काय बिघडते, गावाकडे तर सगळ्याच कोंबड्या निजतात, असे काही वडीलधारी म्हणतात. ते खरे आहे, आणि गावाकडे दर पावसाळ्यात घुबड, उदमांजर व रानमांजर किती नेतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही, हेही खरे आहे. शिवाय त्याच झाडावर कावळे आणि बगळे वस्तीला असतात. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इंदूरमध्ये मरून पडलेल्या कावळ्यांच्या तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ हा विषाणू आढळला होता. आपल्या कोंबड्यांनी रानपक्ष्यांच्या विष्ठेखाली रात्र काढू नये, यासाठी एवढे एक कारण पुरे आहे.

कोपऱ्यातली गर्दी आणि अंड्यांच्या पेट्या

लहान पक्षी नव्या जागी घाबरले की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. थंडीच्या रात्री हा धोका जास्त. कोपऱ्यांत पुठ्ठा किंवा फळी तिरपी लावून ते बोथट करावेत आणि पहिल्या काही रात्री झोपण्यापूर्वी एक फेरी मारून ढीग मोडावा, पक्षी दांड्यावर उचलून ठेवावेत.

अंड्यांच्या पेट्या तलंगा वयात येईपर्यंत झाकून ठेवाव्यात. एकदा का त्या पेटीत निजू लागल्या की पेटी विष्ठेने भरते आणि पुढे अंडी घाण होतात. देशी व कडकनाथ तलंगा साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येतात; त्याच्या पंधरवडाभर आधी पेट्या उघडाव्यात, तरीही संध्याकाळी त्यांवर फळी टाकून सकाळी काढावी.

आत जाणारे पक्षी अचानक जायचे थांबले तर

महिनोन्महिने शिस्तीत आत जाणारा कळप एके दिवशी दाराशी अडला, तर पुन्हा शिकवण्याच्या मागे न लागता आधी आत काय बदलले ते शोधावे. साप किंवा घूस शिरली असेल, तळ ओला झाला असेल, नवा दांडा हलत असेल. पण आपल्या हवामानात पहिला संशय गोचिडाचा घ्यावा.

कोंबड्यांचा गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत, विटांच्या सांध्यांत, बांबूच्या पोकळीत लपतो आणि रात्री बाहेर पडून रक्त पितो. दिवसा पक्ष्याच्या अंगावर प्रौढ गोचीड सापडत नाही, म्हणून मालक बेसावध राहतो. रात्री नऊ-दहाच्या सुमारास विजेरी घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूला आणि टोकांशी पाहावे. चपटे, राखाडी-तपकिरी किडे चालताना दिसतील. त्यांची पिल्ले मात्र पंखांखाली काही दिवस चिकटून असतात आणि काळसर ठिपक्यांसारखी दिसतात. तुरे फिकट पडणे, वजन घटणे, तलंगा सुस्त होणे ही पुढची लक्षणे. खुराडे महिनाभर रिकामे ठेवून काही साधत नाही, कारण हा किडा महिनोन्महिने उपाशी तग धरतो. पक्षी बाहेर काढून फटी सिमेंट-पुट्टीने बुजवाव्यात, भिंतींना चुन्याचा जाड हात द्यावा, लोखंडी व विटांचे भाग ज्वालेने शेकावेत, दांडे काढून कडक उन्हात टाकावेत. फवारणीचे औषध आणि त्याचे प्रमाण सरकारी पशुवैद्यकाकडून किंवा महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून विचारून घ्यावे. शेतातले कीटकनाशक अंदाजाने मारू नये. उपचार दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा करावा लागतो, कारण फटींतली अंडी पहिल्या वेळी वाचतात.

जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात नव्या घालताना

नव्या तलंगा आत जात नाहीत याचे एक साधे कारण म्हणजे आत बसलेल्या जुन्या कोंबड्या त्यांना टोचून बाहेर काढतात. नव्या पक्ष्यांना आधी काही आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवून आजार नाही याची खात्री करावी. वय किमान १० ते १२ आठवडे झाल्यावर, त्याच खुराड्यात जाळीचा पडदा लावून आठवडाभर दोघांना एकमेकांस दिसतील पण चोच लागणार नाही असे ठेवावे. नंतर पडदा काढून पहिल्या काही रात्री काळोख झाल्यावर नव्यांना दांड्याच्या एका टोकाला उचलून ठेवावे आणि सकाळी लवकर दार उघडावे, म्हणजे उजेड झाल्यावरच्या भांडणाला पळायला वाट राहते. दाणा-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. दांड्याची लांबी कमी पडत असेल तर हे सर्व करण्याआधी दुसरा दांडा लावावा. जागा अपुरी असताना कितीही शिकवले तरी शेवटच्या दोन तलंगा बाहेरच राहणार.

दार लावण्यापूर्वी रोज पक्षी मोजावेत. आत गेल्यासारखे वाटतात ते सगळे आत असतातच असे नाही, आणि कळप मोठा असेल तर मोजणी दांड्यावर बसल्यानंतरच बिनचूक होते.